नेसरीची खिंड, कँडीची साथ

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी या गावाचे नाव ऐकले नाही असा मनुष्य मराठी मुलुखात विरळाच. गावाजवळच्या खिंडीत स्वराज्याचे सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती यांचे स्मारक आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलामुलींस घेऊन तेथे गेलो होतो. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे आणि लताबाईंनी गायिलेल्या त्या गीतामुळे सात घोडेस्वारांची कथा मुलांना आधीच पाठ होती. आम्ही इतिहासातले चार शब्द सांगितले आणि, धर्मगुरूंची खोडच ती, शेवटी एक उपदेशही जोडला: ख्रिस्ती माणसाने असे पुढे व्हावे, म्हणजे लोक आपोआप त्याच्या मागून येतात. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "पण फादर, बाकीचे सैन्य का आले नाही?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. उन्ह वाढत आहे, चला, अशी काहीतरी सबब सांगून आम्ही मुलांना गाडीत बसवले. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला.

हकीकत सर्वांस ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. १६७३ च्या एप्रिल महिन्यात विजापूरचा सरदार बहलोलखान स्वराज्यावर चालून आला. प्रतापरावांनी त्याला उमराणीजवळ गाठले आणि त्याची पाण्याची वाट रोखली. दिवस ऐन उन्हाळ्याचे. खानाची माणसे आणि जनावरे तहानेने व्याकूळ झाली. खान शरण आला, गयावया करू लागला, आणि रावांनी त्यास जाऊ दिले. शिवाजी महाराजांना हे रुचले नाही, आणि राज्यकर्ता म्हणून त्यांचे चुकलेही नाही. कारण सुटलेला खान लवकरच पुन्हा उलटला. धन्याचा ठपका सरनौबतांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत शत्रू समोर दिसताच मागच्या फौजेची वाट न पाहता ते तुटून पडले आणि कामास आले. परंपरेने सांगितलेल्या सहा सोबत्यांच्या नावांत एक नाव सिद्दी हिलाल याचे आहे, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

मुंबईच्या इंग्रजांच्या वतीने त्या सुमारास रायगडाकडे गेलेला नारायण शेणवी याने एप्रिल १६७४ मध्ये आपल्या वरिष्ठांना एक पत्र पाठवले. समकालीन म्हणून इतिहासकार या पत्रास महत्त्व देतात. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारले गेले आणि बाकीचे सैन्य त्यांच्या पाठोपाठ गेले नाही, असा त्यातील मजकुराचा आशय आहे. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वीच नोंदला गेला होता. पत्रात घटना आहे, कारण नाही.

प्रतापरावांच्या शौर्याला उणेपणा आणावा असा आमचा हेतू नाही, आणि तेवढी आमची योग्यताही नाही. महाराजांनी पुढे रावांच्या कन्येशी आपल्या धाकट्या पुत्राचा, राजारामांचा, विवाह लावून दिला. ठपका ठेवणाऱ्या धन्यानेच असे ऋण फेडले. परंतु खरे सांगायचे तर आमच्या मनाला नेसरीच्या प्रतापरावांहून उमराणीचे प्रतापराव अधिक जवळचे वाटतात. तहानलेल्या शत्रूची दया येणे हे राजनीतीत चुकीचे ठरले असेल. प्रभू येशूच्या शिष्याला ते सर्वस्वी चुकीचे म्हणता येईल काय, याविषयी आम्ही अजून विचार करीत आहो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुसऱ्यांपुढे चांगले उदाहरण ठेवावे, असे आम्ही धर्मगुरू वेदीवरून वारंवार सांगतो. मुलांना सांगतो, आईबापांना सांगतो, आणि ज्या गावात ख्रिस्ती घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत तेथे तर विशेष आग्रहाने सांगतो, कारण तेथे साऱ्या गावाचे डोळे त्या चार घरांवर असतात. पण शुभवर्तमान वाचताना आम्हांला नेहमी एक अडचण येते. डोंगरावरील एकाच प्रवचनात प्रभू एकदा म्हणतात की, तुमची सत्कृत्ये लोकांच्या दृष्टीस पडू द्या. आणि थोडे पुढे जाताच बजावतात की, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. गुरुविद्यालयात असताना आम्ही या दोन वचनांचा मेळ घालणारी टिपणे पाठ केली होती आणि परीक्षेत गुणही मिळवले होते. मेळ कागदावर बसला, मनात बसला नाही.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी येथे आपल्यावर एक उपकार करून ठेवला आहे. शिष्यांचे पाय धुतल्यानंतर प्रभू जे बोलले तेथे, आणि संत पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही, त्यांनी 'कित्ता' हा शब्द योजिला आहे. पेत्राच्या पत्रातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जवळजवळ तोच: मुलाने गिरवावे म्हणून शिक्षकाने घालून दिलेली अक्षरे. ज्यांनी धुळपाटीवर किंवा पाटीवर अक्षरे गिरवली त्यांना ठाऊक आहे की, कित्ता लांबून पाहण्याची वस्तू नव्हे. तो हाताखाली घ्यावा लागतो. मास्तर पाठीमागे वाकून आपल्या हाताने मुलाचा हात फिरवतात, आणि तसे करताना मास्तरांचे लक्ष आपल्याकडे कोण पाहत आहे याकडे नसून त्या वळणाकडे असते.

हे समजण्यासाठी आम्हांला नेसरीच्या खिंडीतून घाट उतरून गोव्याला, आणि तेथून समुद्रापार जावे लागले. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, बेळगाव या पट्ट्यातील आपल्या पुष्कळ घराण्यांची मुळे गोव्यातच आहेत, तेव्हा हा प्रवास परका नाही. ज्या वर्षी प्रतापराव पडले त्या वर्षी गोव्यात तेवीस वर्षांचा एक तरुण गुरुदीक्षेची तयारी करीत होता. त्याचे नाव जोसेफ वाझ. जन्म २१ एप्रिल १६५१, बाणावली येथे, आजोळी, घराणे सांकवाळचे. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. म्हणजे शिवकालातलाच हा मनुष्य, आणि आमच्या डोंगरापलीकडचा.

१६८१ साली त्यांना कानडा प्रांतात पाठवण्यात आले. तेथे राज्य केळदीच्या राणी चेन्नम्मा यांचे. ख्रिस्ती समाजाची अवस्था मात्र लाजिरवाणी होती. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील गोव्याचा धर्माधिकार आणि रोमने थेट नेमलेले बिशप थॉमस द कास्त्रो यांचा धर्माधिकार यांत वाद पेटला होता. एका पक्षाच्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार दुसरा पक्ष मानीना, आणि भाविकांनी कोणाकडे जावे हेच त्यांना कळेना. वाईट उदाहरण कसे असते ते पाहायचे असेल तर हा अध्याय वाचावा. वाईट माणसे नव्हेत, आपापल्या नियमाला धरून असलेली माणसे ते घालून देत होती. वाझ गोव्याच्या बाजूने गेले होते, पण त्यांनी भांडण वाढवले नाही. सलोखा साधता येईल तितका साधला आणि १६८४ मध्ये परतले.

परतल्यावर ते गोव्यातील चमत्काराच्या क्रुसाच्या मंदिरापाशी राहणाऱ्या काही देशी धर्मगुरूंत सामील झाले, आणि संत फिलिप नेरी यांच्या धर्तीवर गोव्याचा ओरेटरी संघ आकारास आला. युरोपीय व्रतस्थ संघ देशी माणसाला दार उघडत नसत; म्हणून हा आपल्या माणसांचा, आपल्या माणसांनी चालवलेला संघ महत्त्वाचा. त्याच बरोबर हेही लिहिले पाहिजे की, या संघाचे दार ब्राह्मण कुळातून आलेल्या ख्रिस्ती धर्मगुरूंपुरतेच उघडे होते. स्नानसंस्काराच्या पाण्याने जे धुतले जायला हवे होते ते आपण जपून ठेवले. संतांच्या घरातलीही ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण पुढे काय घडले पाहा. सिलोन बेटावर डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतले, कॅथलिक उपासनेवर बंदी घातली आणि धर्मगुरूंना आसरा देणाऱ्यास कठोर शिक्षा ठरवली. जवळजवळ तीस वर्षे तेथील भाविकांना धर्मगुरू नव्हता. वाझ यांनी तेथे जाण्याचे ठरवले, आणि १६८७ मध्ये ते जाफन्याच्या किनाऱ्यावर उतरले ते झग्यात नव्हे, मजुराच्या फाटक्या वेषात, अनवाणी. सोबत जुआंव नावाचा एक सेवक. ज्याच्या संघाने कुळ पाहून माणसे घेतली तो ब्राह्मण कुळातला धर्मगुरू सेवकाच्या बरोबरीने भिक्षापात्र घेऊन दारोदार फिरू लागला. प्रवासात दोघेही अतिसाराने आजारी पडले. साथीचे रोगी समजून लोकांनी त्यांना वस्तीबाहेर टाकले, तेव्हा एका गरीब बाईने पेज आणून घातली म्हणून ते वाचले, असे चरित्रकार सांगतात. त्या बाईचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही.

बरे झाल्यावर वाझ गळ्यात जपमाळ घालून भीक मागत हिंडत. माळ पाहून कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटते यावरून ते आपली माणसे ओळखत. १६८९ च्या नाताळात डचांनी जाफन्यात धाड घातली, पुष्कळ भाविक पकडले गेले, वाझ निसटले. पुढे १६९२ मध्ये ते कँडीच्या सिंहली राज्यात शिरले, तो पोर्तुगीजांचा हेर या संशयावरून त्यांस कैद झाली. कैदेत त्यांनी सिंहली भाषेचा अभ्यास केला. तमिळ त्यांनी आधीच आत्मसात केली होती. हळूहळू पहारा सैल झाला आणि कैदेच्या आवारातच गवताने शाकारलेले एक लहान प्रार्थनामंदिर उभे राहिले. राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा श्रद्धाळू बौद्ध, पण मनाने मोकळा होता. अवर्षणात वाझ यांच्या प्रार्थनेने पाऊस पडल्याची कथा याच काळातली. ती आपल्या घरांतून आवडीने सांगितली जाते, म्हणून तिच्यावर आम्ही अधिक शाई खर्चीत नाही. आमचे लक्ष तिच्यानंतरच्या घटनेकडे आहे.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. आज पन्नाशीच्या आतील वाचकांना देवी म्हणजे काय हे सांगावे लागेल. एडवर्ड जेन्नर यांनी लस शोधली १७९६ मध्ये, आणि जगातून हा रोग हद्दपार झाल्याचे जाहीर झाले १९८० मध्ये. लस नसलेल्या माणसाला उग्र देवी आल्या की दहांतले तीन दगावत; जे वाचत त्यांतले कित्येक आंधळे होत. अंगभर पू भरलेल्या फोडांची दुर्गंधी अशी असे की आईलाही जवळ जाववत नसे. औषध नव्हतेच. कँडीत रीत अशी पडली की, घरात रोगी निघाला की त्याला रानात नेऊन ठेवायचे. राजा दरबारासह नगर सोडून गेला. ज्यांना जाता आले ते गेले. मागे उरले रोगी, प्रेते आणि प्रेतांवर येणारी जनावरे.

वाझ आणि त्यांचे सहकारी फादर जोसेफ कार्व्हालो उरले. त्यांनी रिकाम्या घरांत आणि झोपड्यांत रोगी आणून ठेवले. रोज त्यांच्याकडे जायचे, फोड धुवायचे, पेज भरवायची, घाण काढायची, मेलेल्यांना खड्डा खणून पुरायचे. रोगी ख्रिस्ती की बौद्ध हे पाहिले नाही. पैसा होता तो भिक्षेतून आलेला. हे एक दिवस नव्हे, साथ ओसरेपर्यंत कित्येक महिने चालले. चार दिवस मोठे काम करणे एक, आणि तेच ओंगळ काम दोनशेव्या दिवशी सकाळी उठून पुन्हा करणे वेगळे. पहिल्याला उत्साह पुरतो. दुसऱ्याला काय लागते, याचा उल्लेख चरित्रग्रंथांत नाही. पण वाझ रात्री उशिरापर्यंत प्रार्थनेत असत एवढे त्यांत आहे.

आता वाचकांनी एक लक्षात घ्यावे. या वेळी त्यांच्याकडे पाहत कोण होते? राजा नव्हता, दरबार नव्हता, भिक्षू नव्हते, व्यापारी नव्हते. निरोगी म्हणण्यासारखा मनुष्यच नगरात उरला नव्हता. जे पाहत होते त्यांतल्या कित्येकांचे डोळे फोडांनी मिटलेले होते. ज्या उदाहरणाला प्रेक्षकच नाही ते हे उदाहरण. डोंगरावरील प्रवचनातल्या त्या दोन वचनांचा मेळ आम्हांला टिपणांत सापडला नव्हता तो येथे दिसला: दिवा रोग्याच्या उशाशी लावला होता, कारण तेथे अंधार होता, तो खिडकीतून बाहेर दिसला ही पुढची गोष्ट.

आणि तो दिसला. राजा परतला तेव्हा, हे धर्मगुरू नसते तर नगराच्या वाटा प्रेतांनी भरल्या असत्या, असे उद्गार त्याने काढल्याचे सांगतात. वाझ यांस राज्यात मोकळेपणे फिरण्याची मुभा मिळाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मागून माणसे आली. कार्व्हालो वाझ यांच्या शेजारी उभे राहून तेच काम शिकले होते. गोव्याहून एकामागून एक ओरेटरीचे धर्मगुरू येत राहिले. त्यांत १७०५ मध्ये आलेले फादर जाकोम गोन्साल्विस पुढे सिंहली साहित्यात नावाजले. वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारले. त्यांचे चरित्र गोव्याचेच ओरेटरियन सेबास्तियांव द रेगो यांनी लिहिले. ते १७४५ मध्ये लिस्बनला छापले गेले.

येथेच थांबलो तर कथा गोड होईल, पण ती अपुरी राहील. १७४४ च्या सुमारास कँडीचा राजा श्रीविजय राजसिंह याने ओरेटरीच्या धर्मगुरूंना राज्याबाहेर घालवले आणि त्यांचे मंदिर पाडले गेले. कारणे अनेक होती. राजकारण होते, दरबारातील ओढाताण होती. पण आपल्या धर्मगुरूंनी बौद्ध मतावर केलेले टीकालेखनही त्यांतील एक होते, हे मान्य करावे लागते. एका पिढीने हातांनी मिळवले ते पुढच्या पिढीने लेखणीने घालवले, असे म्हणणे थोडे कठोर होईल. अजिबात न म्हणणे अप्रामाणिक होईल.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे वाझ यांना 'धन्य' घोषित केले, आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच नगरात त्यांना संतपद दिले. संतपदासाठी दुसरा चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. वाझ यांच्या बाबतीत ती अट शिथिल केली गेली. पोप फ्रान्सिस यांनी त्या दिवशीच्या प्रवचनात धर्माधर्मांतील भिंती ओलांडून केलेल्या त्यांच्या सेवेचा आवर्जून उल्लेख केला.

सिलोन फार दूर आहे, असे कोणी म्हणेल. मग मिरज घ्या. आमच्या भागात दुखणे हाताबाहेर गेले की पिढ्यान्पिढ्या लोक मिरजेची वाट धरीत आले आहेत. तेथे १८९४ मध्ये डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केले. ते प्रेस्बिटेरियन, आपल्या पंथाचे नव्हेत. आमच्या लहानपणी असे उदाहरण वेदीवरून सांगितले गेले नसते. पण त्यांनी १८९७ पासून आपल्या हाताखाली इथलीच मुले वैद्यकी शिकवून तयार केली, आणि चार दशके खपून १९२८ मध्ये ते परत गेले तेव्हा काम थांबले नाही. कित्ता या शब्दाचा अर्थ तोच.

हे सारे आम्ही ज्या अधिकाराने लिहीत आहो तो फारसा मोठा नाही, हे सांगून टाकतो. २०२० च्या पावसाळ्यात कोरोनाची साथ खेड्यांपर्यंत पोहोचली तेव्हा आमच्या एका वृद्ध भाविकाच्या मुलाने दूरध्वनी केला. वडील एकटेच शेतावरच्या घरात आहेत, ताप आहे, आपण परगावी अडकलो आहोत, फादरांनी येऊन रुग्णाभ्यंग द्यावा. आम्ही सरकारी नियम सांगितला. नियम खराच होता. पण परवानगी मागून पाहता आली असती, दाराबाहेर उभे राहता आले असते, हेही तितकेच खरे. आम्ही दूरध्वनीवर प्रार्थना म्हटली आणि आत जाऊन हात धुतले. त्या आठवड्यातल्या आमच्या टिपणवहीत, संत जोसेफ वाझ यांच्यावर लिहायच्या लेखाचा आराखडा आहे.

ते गृहस्थ बरे झाले. मिस्सेला पुन्हा येऊ लागले, तेव्हा आम्ही त्यांना भेटलो. त्यांनी आमच्याविषयी एक शब्दही काढला नाही, शेजारणीविषयी मात्र सांगितले. बांधापलीकडच्या मराठा घरातल्या मावशी सतरा दिवस रोज दोन वेळा पेजेचे भांडे आणून उंबऱ्यावर ठेवीत, बाहेरून हाक मारीत, आणि ते उठून दारापर्यंत आलेले दिसेपर्यंत पावसात उभ्या राहत. एकदा त्यांना उठवेना, तर तोंडाला पदर लावून आत आल्या आणि भरवून गेल्या.

आम्ही मुद्दाम त्या घरी गेलो. मावशी शेणी थापत होत्या. आम्ही आभार मानू लागलो तर त्यांना ते काहीतरीच वाटले. जाफन्यातल्या त्या बाईची गोष्ट आम्ही त्यांना सांगितली. ऐकून घेतली त्यांनी, आणि हात न थांबवता म्हणाल्या, "त्यात सांगण्यासारखं काय हाय, फादर? म्हाताऱ्या माणसाला भूक लागली असंल, म्हणून ठेवलं."